कराचीला स्थळ बघायला

कराचीहून येऊन तीन आठवडे होत आले, तरी रोज कुणी ना कुणी शाळेच्या दारात उभं राहून विचारतं, "मास्तर, दर्या केवढा हाय वो?" मी फळ्यावर त्रैराशिक मांडलेलं असतं, ते तसंच राहतं आणि पोरं खूश होतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो आहे. देवळालीत ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवावं, आणि मला माझी शाळा चालवू द्यावी.

मी गेलो तो काही मजा मारायला नव्हे. माझे मामा, बाबाजीमामा, यांच्याबरोबर सोबत म्हणून गेलो. त्यांना इथं सगळे ओळखतात, पण हे कागद पुढेमागे परगावी गेले तर असावं म्हणून सांगतो. मामांचा प्रवरेकाठी ऊस आहे आणि पंचक्रोशीत त्यांच्यासारखा गुळव्या नाही. काहिलीतला रस उकळत असताना लोक चाचणी घेतात, पाण्यात थेंब टाकून बघतात. मामा नुसता वास घेऊन "उतरवा" म्हणतात. मामी वारल्या तेव्हा त्यांची सरू चार वर्षांची होती. मामांनी दुसरं लग्न केलं नाही. वेणी घालण्यापासून सगळं स्वतः केलं, आणि मुलगी सातवी पास होईपर्यंत शाळेतून काढली नाही. तिला शिकवायला मीच होतो, त्यामुळे ती माझ्या चुका काढते.

या सरूला गेल्या उन्हाळ्यात कराचीचं स्थळ आलं. माणसं मूळची आपल्याच जिल्ह्यातली, अकोले तालुक्याच्या डोंगरातली. मुलाचा आजा बंदराच्या कामाला म्हणून कराचीला गेला आणि तिथलाच झाला. मुलगा वसंता, तिथं ट्राम चालवतो. घरात तो आणि त्याची आई, गंगाबाई. कुलदैवताला आली होती तेव्हा दोघांनी सरूला पाहिलं, पसंत केलं आणि परत गेल्यावर तसं पत्र पाठवलं. मी सरूला बाजूला घेऊन विचारलं. तिनं न लाजता सांगितलं, "मला पसंत आहे, दादा." हे मी मामांना सांगितलं तर म्हणाले, "तिला पसंत हाय. पर मला कुठं इचारलं कुनी?" आणि सहा महिने त्या पत्राला उत्तरच दिलं नाही. जपानची लढाई संपली, दिवाळी झाली, गुऱ्हाळं सुरू व्हायला थोडे दिवस उरले, तेव्हा एका सकाळी मामा घोंगडी खांद्यावर टाकून माझ्या दारात आले. "चल मास्तर. घर बघून येऊ. मग व्हय का न्हाई ते सांगीन."

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिच्यातच झाला. मुलीकडची माणसं स्थळ बघायला गेली की त्या घरी तिखटमिठाचं खातात, गोडाला शिवत नाहीत. मुलीच्या बापानं त्या घरात गोड खाल्लं की सोयरीक पक्की. मग माघार नाही. मामांनी ही रीत आणखी कडक करून घेतली. म्हणाले, "घरात न्हाई आन् त्या गावात बी न्हाई. बोटीतनं उतरल्यापासनं बोटीत चढंपतूर गोड बंद." ज्यांचं जेवण गुळाच्या खड्याशिवाय संपत नाही, त्यांनी हे म्हणावं याचं मला फार कौतुक वाटलं. मी काही नेम केला नाही. माझ्या जिभेवर कुणाचं लग्न अडलेलं नव्हतं.

बोटीवर

मुंबई सांगत नाही, ती तुम्ही पुष्कळ ऐकली आहे. बोट सांगतो. आम्ही उघड्या डेकवर घोंगडी पसरली. मुंबईचा किनारा दिसेनासा व्हायच्या आत माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं. मामा शेजारी मांडी घालून भाकरी-ठेचा खात होते. मला म्हणाले, "पोरांना भूगोल शिकिवतोस, आन् ह्ये ठावं न्हवतं व्हय तुला?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं. चारी बाजूंना निळं पाणी, वर पांढरे पक्षी, आणि कठड्याला धरून मामा. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पानी, मास्तर. आन् उसाचं एक टिपरू बी पिकत न्हाई ह्याच्यावर." पाटाच्या पाळीसाठी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला समुद्र म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटली. पण नंतर ते हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले. किती लांब आलो ते मोजत असावेत असं मला वाटलं.

क्यामारी बंदर आणि रणछोड लाईन

कराचीचं बंदर गावापासून दूर आहे, त्याला क्यामारी म्हणतात. वसंता खाकी कपड्यात धक्क्यावर उभा होता. सावळा, उंच, जरा कानाचा मोठा. त्यानं मामांच्या पायाला हात लावला आणि बोचकं उचललं. मामा "बरं हाय न्हवं?" एवढंच म्हणाले आणि उंटांकडे बघायला लागले.

उंट बघण्यासारखेच होते. इथं मालाच्या गाड्यांना उंट जुंपतात. पायांत घुंगरं बांधलेली, मान वर, आणि ओठ असे, की सगळ्या गावाचा त्याला कंटाळा आला आहे. आपला बैल ओझं ओढताना ओढतो आहे असं दिसतं तरी. उंट, मागे गाडी आहे हे आपल्या गावीही नसल्यासारखा चालतो. मामा पुन्हा पुन्हा वळून त्याचं जू कसं बांधलं आहे ते बघत होते.

बंदरापासून गावात ट्राम जाते. रेल्वेचा एकच डबा, दोन्ही बाजूंनी उघडा, रस्त्याच्या मधून रुळांवर इंजिनाच्या जोरावर चालतो, असं समजा. लोक चालत्या ट्राममध्ये चढतात, चालत्या ट्राममधून उतरतात, आणि आत बसले की शेजाऱ्याला घरचं सगळं विचारतात. माझ्या शेजारच्या सिंधी गृहस्थांनी मला असं पुष्कळ विचारलं. त्यांच्या बोलण्यात सारखं "आहे, आहे" येत होतं. आपल्या देवळालीत मी आणि मी शिकवलेली सरू सोडून कुणी "आहे" म्हणत नाही, सगळे "हाय" म्हणतात. आणि इथं सिंधी माणूस अगदी पुस्तकात छापल्यासारखं "आहे" म्हणतो. मी पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

वसंताचं बिऱ्हाड रणछोड लाईन नावाच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढं गॅलरी. खोल्या स्वच्छ, वारा भरपूर, नळाला पाणी. गंगाबाई ठेंगण्या, हसऱ्या, आणि बोलणं अजून सगळं अकोल्याचं. इतक्या वर्षांत सिंधी शिकल्या, पण मराठीला धक्का लागू दिला नव्हता. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्यांनी शिऱ्याची ताटली मामांपुढं ठेवली. साखर तिथंही रेशनवर. महिनाभर बिनसाखरेचा चहा पिऊन त्यांनी ती साठवली होती, हे मला मागाहून कळलं.

मामांनी हात जोडले. "बाई, राग मानू नका. आजून बघायचं हाय."

वसंताचा चेहरा पडला. गंगाबाईंनी मात्र ताटली उचलून सरळ माझ्यापुढं सरकवली. "बरूबर हाय तुमचं, पाव्हनं. लेकीचा बाप हाय तुमी. चार दिस बगा, मंग बोला." मग त्यांनी मामांना कांदा घालून पोहे दिले. मी शिरा दोनदा घेतला. मामा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मी अजून विसरलो नाही.

चार दिवस

मामांची बघायची पद्धत सांगतो. आपल्याकडे मुलाची पारख करायची तर त्याला बैलांजवळ बघतात. जुंपताना कसा वागतो, चाबूक केव्हा उचलतो, बैल अडला तर तोंडातून काय निघतं. इथं बैल नव्हता. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ट्राममध्ये वसंताच्या अगदी पाठीमागच्या बाकावर जाऊन बसले आणि दुपारपर्यंत उतरले नाहीत. क्यामारी ते सदर बाजार, सदर बाजार ते क्यामारी. त्या निमित्तानं माझं कराची शहर पाच वेळा बघून झालं. दगडी इमारती, टोलेजंग घड्याळाचा मनोरा, धुऊन काढलेले रस्ते, आणि अजून घरी न गेलेले गोरे शिपाई. मामांनी यातलं काही बघितलं नाही. ते वसंताच्या मानेकडे बघत होते.

"हाकतोय बरा," तिसऱ्या फेरीला ते माझ्या कानाशी म्हणाले. "पर रुळावरनंच जायचं म्हंजी हाकनाऱ्याचं कसब काय त्यात?"

कसब लगेच दिसलं. बाजाराजवळ एक उंट गाडीसकट रुळांवर आडवा झाला आणि मग खालीच बसला. ट्राम थांबली. लोक ओरडायला लागले. वसंता ओरडला नाही. खाली उतरला, गाडीवानाशी दोन शब्द बोलला आणि पोत्यांची दोरी सोडायला लागला. आता जनावर अडलं आहे म्हटल्यावर मामांना कसं बसवेल? ते उतरले, धोतर खोचलं आणि बैलाला करतात तसं उंटाच्या शेपटीला हात घातला. उंटानं मान वळवली. मान त्याची केवढी लांब, ती मामांच्या हिशेबात नव्हती. त्यानं मामांचा फेटा अलगद तोंडात धरला आणि चघळायला लागला.

सगळी ट्राम हसली. मी हसलो. वसंता हसला नाही. त्यानं उंटाशी गोड बोलून फेटा सोडवला, झटकला, नळावर ओला करून पिळला आणि दोन्ही हातांनी मामांना दिला. मग आपल्या जागेवर जाऊन पाठ फिरवून उभा राहिला, आणि तेव्हा त्याचे खांदे हलत होते.

"मागनं हसला," मामा ओला फेटा बांधत म्हणाले. "पर तोंडावर न्हाई हसला." हे त्यांनी मनात कुठंतरी नोंदवलं, मला कळलं.

शेजारच्या बिऱ्हाडात जेठीबाई नावाच्या सिंधी बाई राहतात. त्यांनी आम्हांला बोलावलं. आपण उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतो, तिकडे भाजलेला पापड आणि पाणी देतात. मामांना हे फार आवडलं. "गोडाचा घोर न्हाई," म्हणत त्यांनी तीन पापड खाल्ले. कमळाच्या देठांची भाजी मात्र त्यांनी ताटात उलटी-पालटी करून बघितली. आतून जाळीदार भोकं असतात. "किडलंय जनू," म्हणाले, आणि चव घेतल्यावर दुसऱ्यांदा मागून घेतली. बाजारात बसऱ्याच्या खजुराचे ढीग होते. विकणाऱ्यानं एक खजूर मामांच्या हातावर ठेवला. मामांनी वास घेतला, डोळे मिटले आणि तो माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. नेम त्यांचा, फायदा माझा, असंच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही क्लिफ्टनला समुद्रकाठी वाळूत बसलो होतो. वसंता कामावर होता. पोरं भिजत होती, पारशी बायका फिरत होत्या, वारा सुरेख होता. मामा एकदम म्हणाले, "पोरगा चांगला हाय, मास्तर. म्हातारी बी चांगली हाय. न्हाई म्हनायला काय बी घावंना मला."

"मग हो म्हणा."

"व्हय म्हनलो की ती गेली." ते वाळू मुठीत धरून सोडत होते. "लहान हुती तवा ताप आला तर माझ्या मांडीवर निजायची. हितं ताप आला तर? मला ठाव लागंपतूर ती बरी व्हईल न्हाई तर..." त्यांनी हातातली वाळू झटकली. मी मास्तर, आणि त्या वेळी "वारा गार सुटला, उठू या" एवढंच म्हटलं, याचं वाईट वाटतं.

पिवळा भात

चौथ्या दिवशी दुपारी गंगाबाईंनी पानं मांडली. जेठीबाईंच्या घरी काही नवस फेडला होता, त्या स्वतःच एक झाकलेलं भांडं आणि बटाट्याची तिखट भाजी घेऊन आल्या. गंगाबाई नळावर गेल्या होत्या. जेठीबाईंनी झाकण काढलं. आत वाफाळलेला पिवळा मोकळा भात, आणि तिखट भाजीच्या वासापुढं दुसरा कुठला वास लागत नव्हता. मामा आठ दिवस भाताला दुरावले होते आणि हळद घातलेला फोडणीचा भात म्हणजे त्यांचा जीव. मराठीत बोललेलं त्या बाईंना कळत नाही हे विसरून मामांनी ताट पुढं केलं. "वाढा की बाई, लाजता काय." त्यांनी ताटभर वाढला. मामांनी भाजी बाजूला लावली, मोठा घास केला आणि तोंडात टाकला.

त्या भाताला तिकडे ताहिरी म्हणतात. तो गुळाचा असतो. वर तिखट भाजी घेऊन खायची त्यांची पद्धत आहे.

गुळव्याच्या जिभेला काय कळायला वेळ लागतो? मामांचे डोळे मोठे झाले. घास तोंडात तसाच राहिला. अन्न थुंकायचं नाही, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी गिळला. नेमक्या त्याच वेळी गंगाबाई हंडा घेऊन दारात आल्या, त्यांनी ताट पाहिलं आणि हंडा तसाच खाली ठेवला.

"पाव्हनं," त्या म्हणाल्या, "गोड खाल्लं तुमी?" आणि त्यांना रडूच आलं.

पुढचं फार भराभर झालं. चाळीतल्या तीन मराठी बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. जेठीबाईंना काही कळलं नाही, पण सगळ्या हसतायत म्हणून त्या टाळ्या वाजवत होत्या. मामा उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी गंगाबाईंना खरं सांगावं की नाही या पेचात होतो, तोच वसंता कामावरून आला. मी त्याला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसलं, आणि ते कसं मावळलं तेही दिसलं.

तो सरळ गॅलरीत गेला. "मामा, ह्ये मी धरत न्हाई. चुकून खाल्लं तुमी."

"घास गिळला न्हवं मी?" मामा गरजले.

"गिळला. पर तुमाला ठाऊक न्हवतं."

"रीत ती रीत. आमी शब्द फिरवीत न्हाई."

"तुमी शब्द दिलाच न्हाई, तर फिरवायचा कसला? असा चुकीनं आलेला व्हकार मला नको. उद्याच्या बोटीनं जावा, घरी बसून ठरवा. न्हाई म्हनालात तरी मी रागवनार न्हाई."

गंमत अशी झाली की मामा सोयरीक झाली म्हणून भांडत होते आणि वसंता झाली नाही म्हणून. खोलीतल्या बायका कुंकवाचे करंडे हातात धरून ऐकत होत्या. शेवटी मामांचा आवाज खाली आला.

"एक इचारतो. तिला बरं न्हाई वाटलं, तुमी तार केली, तर मी किती दिसांत पोचन?"

वसंतानं घाई केली नाही. बोटांवर मोजलं. "तार, मग तुमी मुंबईला, मग बोट. पाच दिस. बोट चुकली तर आठ."

"दोन म्हन की लेका. तेवढंच बरं वाटलं असतं मला."

"दोन न्हाईत, मामा. कसं म्हनू?"

मामांनी गॅलरीचा कठडा सोडला. मग आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि बाकीचं जेवण न जेवता पाणी प्यायले. गंगाबाईंनी बायकांना हळूच घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोचकी बांधली. दुपारची बोट होती. गंगाबाईंनी भाकरी आणि पिठलं वाढलं, काल काही झालंच नाही अशा बेतानं. मामांनी ताटाकडे बघितलं आणि विचारलं, "कालचा त्यो भात उरलाय का?"

गंगाबाईंनी पिठल्याची पळी खाली ठेवली. मीही हात आवरता घेतला.

"हाय की," गंगाबाई म्हणाल्या.

"मंग वाढा, ईहीनबाई."

त्यांनी वाढला. वसंता दारात उभा होता. मामांनी सावकाश, एकेक घास चावून, सगळा भात खाल्ला. ताट पुसून झाल्यावर म्हणाले, "गूळ बरा न्हाई ह्यातला. जरा आधी उतरिवलाय." आणि पंच्याच्या टोकानं डोळे पुसले.

घरी

आम्ही देवळालीला पोचलो तेव्हा सरू ओट्यावर वाट बघत होती. मामांनी तिला सांगितलं, फाल्गुनात करू. जी मुलगी मला न लाजता "पसंत आहे" म्हणाली होती, तिला आता हुंदका आवरेना. मामा तिला उंटाचं सांगत होते, फेट्याचं सांगत होते. तीही रडता रडता हसत होती. मग तिनं मामांच्या बाहीला धरून विचारलं, "बाबा, मी आजारी पडले, तर तुम्ही किती दिवसांत याल?"

मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"दोन दिसांत," ते म्हणाले.